अनोळखी इसमाची बातमी होण्याआधी : गोव्यातल्या नगरसेवकांना खुलं पत्र

पणजी महापालिका आणि मडगाव, मुरगाव, म्हापसा नगरपालिकांच्या सर्व नगरसेवक व नगरसेविकांस,

सप्रेम नमस्कार. हे पत्र आपल्या शहरांतल्या बेघरांच्या निवाऱ्याबद्दल आहे.

मी पणजीत एका मराठी दैनिकात 27 वर्षं मुद्रितशोधक होतो. बहुतेक काळ रात्रपाळी. शेवटचं पान छपाईला गेलं की दीड-दोनच्या सुमारास चालत घरी निघायचं, हा नेम. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण झोप अजून त्याच वेळेला लागते.

या नोकरीत एक बातमी मी इतक्या वेळा तपासली की ती आजही पाठ आहे. ‘अनोळखी इसमाचा मृतदेह आढळला. वय अंदाजे 50 ते 55, बांधा सडपातळ, वर्ण सावळा, अंगात फिकट निळा शर्ट व काळी पँट. मृतदेह गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) शवागारात ठेवण्यात आला असून ओळख पटल्यास पोलिसांशी संपर्क साधावा.’ आतल्या पानावर, अगदी तळाशी, चार-पाच ओळी. ऐन वेळी जाहिरात आली की सगळ्यात आधी हीच बातमी उचलली जायची. माझं काम ऱ्हस्वदीर्घापुरतं. ‘आढळला’ मधला ‘ळ’ जागेवर आहे ना, पोलीस ठाण्याचं नाव बरोबर आहे ना, एवढं बघायचं आणि पुढच्या मजकुराकडे वळायचं.

एका रात्री मात्र हात थांबला. वर्णनात लिहिलं होतं, शर्टाच्या उजव्या खांद्यावर पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं ठिगळ. ते ठिगळ मी पाहिलेलं होतं.

पणजीतल्या ‘अठरा जून’ नावाच्या रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत बंद दुकानाच्या पडवीत तो झोपायचा. मी समोरून गेलो की अंधारातून आवाज यायचा, ‘साहेब, टायम किती झाला?’ त्याला सकाळी सहाला नाक्यावर उभं राहायचं असे, मुकादम माणसं निवडायला यायचे तिथे. उशिरा गेलं तर दिवस फुकट. उशाला सिमेंटची रिकामी गोण आणि तिच्यात थापी, ओळंबा, एक दोरी. गवंड्याच्या हाताखाली तो काम करायचा, आणि थापी स्वतःची असली की रोज थोडा जास्त मिळतो, हे त्यानेच मला एकदा सांगितलं. गाव गदगच्या बाजूचं. एका पहाटे ती गोण चोरीला गेली. त्या दिवशी तो नाक्यावर गेला नाही, कारण रिकाम्या हाताने गेलेल्याला बिगारी म्हणून घेतात आणि आधी कमावलेली पत जाते. हे एप्रिलमधलं. जूनमध्ये पाऊस लागला. त्यानंतर त्याने मला वेळ विचारली नाही.

तीन वर्षं मी त्याला रोज वेळ सांगत होतो. नाव विचारलं नव्हतं. त्या रात्री मुद्रितं हातात घेऊन मी बसलो होतो आणि बातमी दुरुस्त करायला माझ्याकडे काहीही नव्हतं. ‘अनोळखी’ म्हणूनच ती छापली गेली.

आपल्या शहरांत बेघर माणूस वर्तमानपत्रात येतो तो असा. जिवंत असेपर्यंत तो भिकारी, बेवडा, घाटी, उपद्रव. मेला की इसम. मेल्यावर मात्र पालिका त्याची जबाबदारी झटकत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. बेवारस प्रेताला शेवटी पालिकाच जागा देते. तीच जागा थोडी आधी द्या, एवढं सांगायला मी हे पत्र लिहितो आहे.

बेघरांचा विषय निघाला की देशाला थंडी आठवते. दिल्लीतले रैनबसेरे, शेकोट्या, वाटलेल्या रजया. धोरणंही त्याच चित्रावरून बेतलेली. गोव्यात डिसेंबरात पडवीत झोपणारा माणूस एका चादरीवर रात्र काढतो. आपल्याकडे घात होतो तो जूनमध्ये. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत 61 दिवस मासेमारी बंद, त्यामुळे जेटीवरची हमाली बंद. बांधकामं थंडावतात. किनाऱ्यावरचे शॅक त्याआधीच उतरवलेले असतात, पर्यटक पांगलेले असतात. ज्या-ज्या कामांवर हातावर पोट असलेला माणूस जगतो, ती सगळी एकाच पंधरवड्यात आटतात. खोलीचं भाडं तेवढं आटत नाही. एका खोलीत सहा-आठ जण मिळून राहतात; त्यांतला एक जण दोन महिने वाटा देऊ शकला नाही की बाकीचे त्याला किती दिवस सांभाळणार? कामाच्याच जागेवर झोपडं करून राहणाऱ्याची गोष्ट तर साधी आहे, काम संपलं की झोपडंही जातं.

आणि हे सगळं नेमकं तेव्हा होतं जेव्हा पणजीत एका रात्रीत सहा-सात इंच पाऊस पडू शकतो. पडवीत वाऱ्याने सपकारे येतात. पुठ्ठा भिजला की तो कुजलेल्या भाकरीसारखा हातात तुटतो. ओलं पांघरूण, ओले कपडे, त्यातून खोकला, ताप, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. झोप येत नाही म्हणून एक क्वार्टर. ‘ते दारू पितात म्हणून रस्त्यावर येतात’ असं मला अनेकांनी ऐकवलं आहे. मी तरी रस्ता आधी आणि बाटली नंतर, असा क्रम अधिक वेळा पाहिला. (2004 साली वास्कोतल्या बायण्याच्या किनाऱ्यावरच्या खोल्यांवर बुलडोझर फिरले तीही तारीख 14 जून होती. पाडापाडीला जूनच का सापडतो, हे कुणी मला समजावून सांगावं.)

आता नियमांबद्दल थोडं, कारण सभागृहात तुम्हाला कागद लागतो. पदपथावर राहणाऱ्यांचा उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस प्रकरणात 1985 सालीच म्हटलं. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी स्वतंत्र योजना होती : एक लाख शहरी लोकसंख्येमागे 100 माणसांची कायमची सोय, माणशी किमान 50 चौरस फूट जागा, पाणी, संडास-न्हाणी, स्वयंपाकाची जागा, आणि निवारा वर्षाचे बाराही महिने, दिवसरात्र उघडा. राज्यं ढिलाई करतात म्हणून 2016 च्या नोव्हेंबरात न्यायालयाने न्यायमूर्ती कैलास गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून देशभरातल्या निवाऱ्यांची तपासणी करायला लावली.

यात गोव्याची एक मजेशीर पळवाट आहे. आपल्याकडे लाखाची एकही पालिका नाही! 2011 च्या जनगणनेत पणजी 40 हजार, मडगाव सुमारे 87 हजार, मुरगाव 94 हजार. ‘लाखाला शंभर’ हे सूत्र प्रत्येक पालिकेने आपापल्या हद्दीपुरतं लावलं तर उत्तर शून्य येतं आणि सगळे मोकळे. पण त्याच जनगणनेत गोव्याची शहरी लोकसंख्या नऊ लाखांवर होती, एकूण लोकसंख्येच्या 62 टक्के. म्हणजे राज्याचा हिशेब नऊशे जागांचा. पालिकांच्या सीमारेषांवर हे नऊशे जण गळून पडतात. मडगावच्या स्टेशनवर झोपणारा माणूस सकाळी वास्कोला, म्हणजे मुरगाव पालिकेत, कामाला जातो आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात ओझी उचलतो. तो कुठल्या पालिकेचा, हा वाद घालायला त्याच्यापाशी वेळ नाही.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. मुलांसाठी मेरशीचं अपना घर आहे, मातृछाया आहे. म्हाताऱ्यांसाठी प्रोव्हेदोरियाचे, म्हणजे सरकारी सार्वजनिक साहाय्य संस्थेचे, वृद्धाश्रम पोर्तुगीज काळापासूनच्या परंपरेतले. भरकटलेल्या मनोरुग्णांसाठी 2017 चा मानसिक आरोग्य कायदा पोलिसांवर स्पष्ट कर्तव्य टाकतो : त्याला कोठडीत डांबायचं नाही, 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं, हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. बांबोळीला मनोरुग्णालय आहे. डोनाल्ड फर्नांडिस यांच्या स्ट्रीट प्रॉव्हिडन्ससारख्या संस्थेने तर उरलेलं अन्न गोळा करून रस्त्यावरच्या माणसांपर्यंत पोचवण्यापासून त्यांना छपराखाली नेण्यापर्यंतचं काम सरकारची वाट न पाहता अंगावर घेतलं. या लोकांपुढे मी हात जोडतो.

पण या सगळ्या दारांवरच्या पाट्या वाचा. मूल असाल तर या. साठी उलटली असेल तर या. वेड लागलं असेल तर या. चाळिशीचा, धडधाकट, उद्या सकाळी सहाला नाक्यावर उभं राहू इच्छिणारा माणूस कुठल्या दारात जाणार? आजारी पडेपर्यंत, म्हातारा होईपर्यंत किंवा डोकं फिरेपर्यंत त्याने थांबायचं, असा आपला नियम झाला आहे. त्यातल्या त्यात हात पसरला तर त्याच्यासाठी एक कायदा आहे, 1972 चा भीक प्रतिबंधक कायदा. दिल्लीतल्या अशाच कायद्याची कलमं तिथल्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे मोठा सोहळा किंवा पाहुणे जवळ आले की रात्री गाडी फिरते आणि माणसं उचलून शहराबाहेर सोडली जातात. मी ते दोनदा पाहिलं आहे. तिसऱ्या दिवशी तीच माणसं चालत परत येतात, फक्त त्यांची गाठोडी परत येत नाहीत. ती कचऱ्याच्या गाडीत गेलेली असतात.

गाठोड्याबद्दल मी मुद्दाम लिहितो आहे. रस्त्यावर झोपणाऱ्याला तुम्ही विचाराल की तुला काय हवं, तर पंचतारांकित उत्तर मिळणार नाही. सामान ठेवायला जागा, एवढंच मला बहुतेकांनी सांगितलं. सामान हेच त्यांचं घर असतं आणि ते दिवसभर पाठीवर वाहावं लागतं. गाठोडं पाठीवर घेऊन कुणी कामावर घेत नाही. ठेवून गेलं तर चोरीला जातं. माझ्या गदगवाल्याचं दिवाळं निघालं ते दारूने नव्हे, एका गोणीने.

आणखी एक गाठोडं सांगतो, म्हणजे ‘हे सगळे भायले’, बाहेरचे, हा मुद्दा आपोआप निकालात निघेल.

चर्चसमोरच्या बागेच्या बाजूला एक म्हातारी बसायची. सत्तरीची असेल. फुलाफुलांचा झगा, वर मळलेला स्वेटर, पायांत दोन वेगवेगळ्या रंगांच्या चपला. मी एकदा दहाची नोट पुढे केली तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की नोट परत खिशात घालायला हात धजेना. मे महिना संपत आला होता, ढग दाटले होते. तिने मांडीखालची प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि म्हणाली, ‘म्हाका पयशे नाकात. हें तुमगेर दवरशात? पावसांत भिजतलें.’ (मला पैसे नकोत. हे तुमच्या घरी ठेवाल? पावसात भिजेल.) माझा चेहरा तिला रोजचा होता, एवढ्याच ओळखीवर. घरी जाऊन पिशवी उघडली. जुनं रेशनकार्ड, एका मुलाचा कम्युनियनचा फोटो, आणि दोऱ्याने बांधलेला घरपट्टीच्या पावत्यांचा गठ्ठा. वर्षानुवर्षांच्या, एकही वर्ष न चुकवता भरलेल्या. तुमच्यातल्याच एका पालिकेच्या. कुठल्या ते सांगत नाही. घराचं पुढे काय झालं, वाटणी झाली की विकलं गेलं, तिने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ती गोव्याचीच होती. भायली नव्हती.

पण समजा असती. परप्रांतीयाला छप्पर देणं आपल्याला एवढं जड का जातं, हे मला खरंच कळत नाही, कारण आपल्या हिंदू आणि ख्रिस्ती, दोन्ही समाजांनी हे भोगलेलं आहे. पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा, 1560 च्या सुमारास, मंगेश कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, खाडी ओलांडून प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. आपले देवच रातोरात बेघर झाले होते आणि अंत्रुजमधल्या, म्हणजे फोंड्याच्या परिसरातल्या, लोकांनी त्यांना जागा दिली. कागदपत्रं मागितली नाहीत. पुढे त्याच देवळांभोवती अग्रशाळा उभ्या राहिल्या, कारण लांबून येणाऱ्याला रात्री टेकायला जागा लागते हे त्या लोकांना अनुभवाने ठाऊक होतं. आणि आपले ख्रिस्ती बांधव मुंबईला गेले, बोटीवर चढायची वाट पाहत महिनोन्‌महिने थांबले, तेव्हा त्यांनी धोबीतलावला कूड काढले. एकेका गावाचा एकेक कूड. जेर महालसारख्या इमारतीत ते अजून आहेत. मोठी खोली, भिंतीला लागून प्रत्येकाची पेटी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. भाडं नावाला. मुंबईच्या दृष्टीने हे सगळे भायलेच होते. माझ्या शेजारचा एक तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी केलेला माणूस, कूडाची आठवण काढताना पेटीचीच आठवण काढायचा : ‘कुलूप लावून बोटीवर गेलो, दोन वर्षांनी आलो, पेटी तिथंच.’

तुम्हाला मी पंचतारांकित काही मागत नाही. पणजीला, मडगावला, वास्कोला आणि म्हापशाला एकेक कूड काढा.

तो शहराच्या टोकाला, कचरा प्रकल्पाशेजारी काढू नका. नाक्यापासून आणि बसस्थानकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर हवा, नाहीतर सहाला कामावर जाणारा तिथे झोपणार नाही आणि ‘बांधला पण कुणी येत नाही’ असं म्हणायला तुम्ही मोकळे. प्रत्येकाला कुलूप लागणारी पेटी किंवा खण द्या. हा खर्च पलंगापेक्षा आधी करा. दारात आधार कार्ड मागू नका. ज्याचं सगळं चोरीला गेलंय त्याच्याकडे ते नसतं, आणि ज्याच्याकडे असतं त्याचा पत्ता त्या घराचा असतो जिथून त्याला काढलेलं असतं. बायकांसाठी वेगळी जागा, वेगळं दार आणि रात्री तिथे बाईच पहाऱ्याला. नवरा-बायको आणि पोर असं कुटुंब आलं तर त्यांना तीन ठिकाणी पाठवू नका. जेवणाची फारशी काळजी करू नका. जागा पक्की झाली की जेवण घेऊन येणारे हात या शहरात आहेत, ते मी पाहिले आहेत. आणि हे 1 जूनच्या आत सुरू व्हायला हवं. पावसाळा संपल्यावर उद्घाटन केलं तर फीत कापायला मी येणार नाही, एवढं बरं.

इमारत कुठून आणायची, हे मला विचारू नका. 2011 च्या जनगणनेत गोव्यातली सुमारे 22 टक्के घरं रिकामी आढळली होती, देशातलं सगळ्यात मोठं प्रमाण. ती खाजगी आहेत, मान्य, आणि त्यांतल्या कित्येकांच्या मालकांचा आपसातला खटला संपलेला नाही, तेही मान्य. पण पालिकेच्या स्वतःच्या मालकीच्या किती खोल्यांना कुलूप आहे, किती मार्केटांचे वरचे मजले कबुतरांना दिलेत, हे तुमच्या मालमत्ता रजिस्टरात आहे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा काही दिवसांत क्रीडागृहं आणि सभागृहं उघडली गेली, गाद्या आल्या, डॉक्टर आले. तेव्हा कुणी म्हणालं नाही की सोय केली तर आणखी लोक येतील.

एक काम तर बिनखर्चाचं आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. गेल्या वेळी बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या एकाच रात्रीत उरकली होती, आणि देशभरात 17.7 लाख माणसं मोजली गेली. एका रात्रीत, कोण कुठे झोपतं हे ठाऊक नसलेल्या माणसाने टॉर्च घेऊन फिरायचं म्हणजे निम्मे हुकणार. जो मोजला गेला नाही त्याच्यासाठी पुढची दहा वर्षं एक रुपयाही मंजूर होणार नाही. तेव्हा त्याआधी तुमच्या प्रभागाची यादी तुम्ही स्वतः करा. पाववाल्या पोदेराला विचारा, दूधवाल्याला विचारा, एटीएमच्या राखणदाराला विचारा, रात्रपाळीच्या नर्सना विचारा. त्यांना एकेक पायरी माहीत आहे. आणि कृपा करून नाव विचारा. मी विचारलं नव्हतं.

पणजीपुरता मीही उपयोगी पडेन. मला गल्ल्या पाठ आहेत. तुमच्यातल्या कुणाला वेळ असेल त्यांनी कुठल्याही रात्री दीड वाजता चर्चसमोरच्या बागेच्या फाटकाशी यावं. पांढरी गाडी, पोलीस आणि फोटोग्राफर आणू नयेत, माणसं दचकून उठतात. तास-दीड तासात फेरी होते. चांगल्या चपला घाला.

आणि एक वैयक्तिक विनंती. ती म्हातारी त्या पावसाळ्यानंतर मला दिसली नाही. मी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली, एका कार्यालयात मला ‘तुम्ही तिचे कोण?’ असं विचारलं गेलं आणि मला उत्तर देता आलं नाही. पिशवी अजून माझ्या कपाटात आहे. फोटोतल्या मुलाचं वय आता पन्नाशीचं असेल. पावत्यांवर घर क्रमांक आहे, प्रभाग आहे. तुमच्या कर विभागात त्या क्रमांकापुढे आज कुणाचं नाव आहे, एवढं मला कुणी पाहून सांगेल का?

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
पणजी